आरव्हीचे टायर का फुटतात आणि ते कसं टाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरव्ही म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी: स्वतः चालणारी मोटरहोम किंवा दुसऱ्या गाडीमागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर. अमेरिकेत मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघालेली कुटुंबं असोत, की ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेऊन दर उन्हाळ्यात तो ओढणारी मंडळी, टायरबद्दलचे प्रश्न साधारण हेच असतात. आकडे पौंड, पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मैलांतच ठेवले आहेत, कारण टायरवर, स्टिकरवर आणि वजनकाट्याच्या पावतीवर तेच छापलेले असतात. १ किलो म्हणजे २.२ पौंड आणि ६५ मैल म्हणजे १०५ किलोमीटर, एवढं लक्षात असलं की पुरे.

नक्षी शाबूत आहे, टायर नवा दिसतो. मग फुटतो कसा?

कारच्या टायरची नक्षी झिजते, म्हणून तो बदलला जातो. आरव्हीच्या टायरवर सहसा ती वेळच येत नाही. गाडी वर्षातला बराच काळ उभी असते आणि चालते तेव्हा पूर्ण भरलेली, भर उन्हात, हायवेवर चालते. हा टायर आतून जातो.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रबर आणि त्यातल्या दोऱ्या-तारा ती हवा कोंडून ठेवतात. हवा कमी पडली किंवा वजन जास्त झालं (टायरच्या दृष्टीने दोन्ही एकच), की जमिनीला टेकताना साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त वाकते. १५ इंची चाकाचा ट्रेलरचा टायर मैलाला सातशेहून जास्त फेरे घेतो आणि दर फेऱ्याला त्याचा प्रत्येक भाग वाकून पुन्हा सरळ होतो. या वाकण्यातून उष्णता तयार होते. रबर ती लवकर बाहेर सोडत नाही, त्यामुळे ती सर्वांत जाड जागी, म्हणजे नक्षीच्या कडेला खांद्यापाशी साठत जाते. पोलादी तारांच्या पट्ट्यांच्या, म्हणजे बेल्टच्या, कडा नेमक्या तिथेच असतात. तिथल्या रबराची पकड सैल होते आणि बारीक भेग पडते.

टायर गार झाला म्हणून ही भेग भरून येत नाही. पुढच्या प्रवासात ती तिथूनच पुढे सरकते. आज चांगल्या गुळगुळीत रस्त्यावर फुटलेल्या टायरचं कारण गेल्या महिन्यात मोहावी वाळवंटात कमी हवेवर काढलेले दोन तास असू शकतात. ‘काही कारण नसताना अचानक फुटला’ असं वाटतं ते यामुळेच.

फुटलेला टायर पाहून कारण ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. ओळखावंच, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेने जातो. तुकडे फेकण्याआधी फोटो काढून ठेवा.

नक्षीचा पट्टा सोलून निघाला असेल आणि साइडवॉल बऱ्यापैकी शाबूत असेल, तर बेल्ट सुटला आहे. जास्त वजन, जास्त वेग, वय किंवा जुनी भेग यांपैकी एक किंवा सगळीच कारणं असू शकतात. कधी कधी अशा टायरमध्ये हवा अजून टिकून असते, पण सुटलेला पट्टा फिरताना चाकाच्या कमानीत आपटत राहतो आणि पत्रा, वायरिंग, गॅसची नळी, कधी ट्रेलरची जमीनसुद्धा फाडतो. टायरपेक्षा हा खर्च मोठा असतो. बेल्ट सुटण्याआधी बरेचदा सूचना मिळते: नक्षीवर एका जागी फुगवटा दिसतो, एकच पट्टा जास्त झिजलेला असतो किंवा ठरावीक वेगाला गाडी थरथरते. तळहात नक्षीवरून सावकाश फिरवला तर उंचवटा हाताला लागतो. फुगवटा सापडलेला टायर जवळच्या दुकानापर्यंतही नेऊ नये, तिथेच स्टेपनी लावावी.

दोन्ही साइडवॉल गोलाकार फाटून नक्षीचं कडं वेगळं झालं असेल, तर टायर हवा नसताना पळाला आहे. खिळ्याने किंवा गळक्या वॉल्व्हने हवा हळूहळू गेली, ट्रेलर मागे असल्यामुळे चालकाला कळलं नाही आणि काही मैलांत साइडवॉल तापून फाटली. ट्रेलरच्या टायरमधल्या पॉलिस्टरच्या दोऱ्यांची टोकं वितळून गोळा झालेली दिसली, तर शंकाच नको. अशा वेळी टायर कंपनीला दोष देऊन उपयोग नाही.

१९.५ आणि २२.५ इंची चाकांच्या मोठ्या मोटरहोमच्या टायरमध्ये साइडवॉलमध्येही पोलादी तारा असतात. कमी हवेवर चालताना या तारा वाकून वाकून थकतात आणि एका ओळीत तुटत जातात. चेन उघडावी तशी साइडवॉल उभी फाटते, म्हणून दुकानदार याला झिपर म्हणतात. धोका असा, की हे पुष्कळदा पुन्हा हवा भरताना होतं, भरणारा शेजारी उभा असताना. हवा गरजेपेक्षा २० टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त उतरलेली असताना चाललेला असा टायर स्वतः भरायचा नाही. ट्रकच्या टायरवाल्याकडे तो उतरवून आतून तपासतात आणि लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात.

आतल्या बाजूला फुलीसारखी चीर दिसली तर खड्डा किंवा फुटपाथची कड लागली आहे. तो मार बसल्यानंतर टायर शेकडो मैल चाललेला असू शकतो.

हवा किती भरायची? टायरवर लिहिलेली, की स्टिकरवरची?

सर्वाधिक गोंधळ इथेच आहे. टायरवर छापलेला आकडा म्हणजे तो टायर आपलं कमाल वजन ज्या दाबाला पेलतो तो दाब. स्टिकरवरचा आकडा म्हणजे त्या गाडीच्या एक्सलवर (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) कमाल मान्य वजन असताना लागणारा दाब. मोटरहोममध्ये स्टिकर चालकाच्या दाराशी असतो, ट्रेलरवर बाहेर डाव्या बाजूला पुढच्या भागात.

एसटी टायर असलेल्या ट्रेलरला (आपली लाल एसटी नव्हे, ट्रेलरसाठी बनवलेला टायर) साइडवॉलवर दिलेला कमाल थंड दाब ठेवा. बहुतेक ट्रेलरवर स्टिकरचा आणि टायरचा आकडा एकच असतो. ‘थोडी कमी ठेवली तर ट्रेलर मऊ चालतो’ हा सल्ला ऐकू नका. मऊ चालतो, कारण साइडवॉल जास्त वाकते.

मोटरहोमला वजन केलं नसेल तर स्टिकरवरचा दाब ठेवा. वजन केलं असेल तर टायर कंपनीच्या तक्त्यात एक्सलवरच्या सर्वांत जड बाजूचा दाब पाहा, त्यात ५ ते १० टक्के वाढ करा आणि एक्सलच्या दोन्ही बाजूंना तोच ठेवा. अर्थात टायर आणि रिम यांच्या कमाल मर्यादेच्या आतच. डावीकडे ७५ आणि उजवीकडे ८०, असं कधीच नाही.

दाब नेहमी थंड टायरवर मोजायचा. थंड म्हणजे निदान ३ तास न चाललेला आणि उन्हात न तापलेला. सकाळी निघण्याआधीची वेळ उत्तम.

हवा थोडी कमी असली तर खरंच किती फरक पडतो?

ट्रेलरवर सर्रास दिसणारा एसटी २२५/७५ आर १५ टायर घ्या. एकाच मापाचा टायर ८० पीएसआयला २८३० पौंड पेलतो, ६५ ला २५४० आणि ५० ला २१५० पौंड. (लोड रेंज म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारं अक्षर. ८० चा आकडा लोड रेंज ई टायरसाठी. लोड रेंज डी ६५ ला थांबतो आणि सी ५० ला.)

आता समजा दोन एक्सलच्या ट्रेलरवर डी टायर आहेत आणि चार चाकांवर मिळून ८८०० पौंड आहेत. चाकामागे सरासरी २२०० येतात. ६५ पीएसआयला ३४० पौंडांची सवड उरते. टायर हिवाळ्यात उतरून ५० वर आले असतील आणि तसेच निघालात, तर चारही टायरवर क्षमतेपेक्षा जास्त वजन आहे. डोळ्यांना मात्र चारही ठीक दिसतात. रेडियल टायर थोडा फुगलेला दिसतोच, त्यामुळे नुसतं बघून किंवा लाथ मारून १५ पीएसआयचा फरक कळत नाही.

शिवाय सरासरी फसवी असते. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), फ्रिज, ओटा, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी एका बाजूला आली, तर एका चाकावर १९०० आणि दुसऱ्यावर २५०० असं होऊ शकतं. मग ६५ पीएसआयलाही त्या एका चाकाकडे जेमतेम ४० पौंड शिल्लक राहतात.

वजन कुठे आणि कसं करायचं?

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रकचा वजनकाटा, असतो. तिथे तीन वेगळे पाट असतात: पुढचा एक्सल पहिल्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरचे एक्सल तिसऱ्यावर, अशी गाडी उभी करायची. बटण दाबून आत सांगायचं आणि पावती घ्यायची. सहलीला निघतो तशी गाडी भरलेली हवी: पाणी, पेट्रोल, गॅस, सायकली, माणसं, सगळं. रिकाम्या गाडीचं वजन केलं तर दहा मिनिटं फुकट गेली.

कॅट स्केल डावं-उजवं वेगळं सांगत नाही. चाकागणिक वजन हवं असेल तर आरव्हीवाल्यांच्या एस्केपीज क्लबची स्मार्टवे सेवा किंवा आरव्ही सेफ्टी अँड एज्युकेशन फाउंडेशनची मंडळी ते करून देतात. गाडीतलं सामान हलवून बदल करता येणार असेल, तर हे एकदा तरी करावंच.

काट्यावर जाण्याआधी पिवळा स्टिकर वाचा. मोटरहोमवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, ट्रेलरवर फक्त सामानाचं. पाणी सामानातच धरायचं. एका गॅलनचं वजन ८.३ पौंड, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड गेले. सहा मोठी माणसं, आठ दिवसांचा शिधा, कुकर, खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके धरले तर छोट्या मोटरहोमची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. मुक्कामी पाण्याची जोडणी असेल तर टाकी पाव भरून निघा. वजन कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग.

दुपारी दाब १० पीएसआयने वाढलेला दिसतो. हवा सोडू का?

नाही. चालताना दाब १० ते १५ टक्के वाढणं अपेक्षित आहे आणि टायर त्या हिशेबानेच बनवलेला असतो. गरम टायरमधली हवा सोडली तर रात्री तो गरजेपेक्षा कमी भरतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी तापतो. वाढ २० टक्क्यांच्या वर गेली तर मात्र थांबा. वजन जास्त आहे, सुरुवातीची हवा कमी होती, ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग गेलंय. इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या हबचं तापमान घ्या. एकच चाक इतरांपेक्षा बरंच तापलं असेल तर दोष तिथे आहे. उन्हाच्या बाजूचे टायर थोडे गरम असतातच, त्याची चिंता नको.

डोंगरावर गेल्यावर हवा पुन्हा बघायची का?

हो, पण घाबरून नाही. तापमान १० अंश फॅरेनहाइटने उतरलं की दाब साधारण २ टक्के उतरतो. ६० अंशांत ८० पीएसआय भरून निघालात आणि यलोस्टोनला पहाटे ३० अंश असतील, तर सुमारे ५ पीएसआय कमी होतात. उलट उंचीमुळे गेजवरचा आकडा वाढतो, दर १००० फुटांना अंदाजे अर्धा पीएसआय. ओल्ड फेथफुलच्या परिसरात, ७३०० फुटांच्या आसपास, साडेतीन पीएसआय परत मिळतात. दोन्ही मिळून फरक किरकोळ उरतो. थंडीत, उंचावर भरलेली हवा खाली उतरल्यावरही पुन्हा तपासा.

ट्रेलर किती वेगाने ओढावा?

एसटी टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर मर्यादा ताशी ६५ मैल समजा. अलीकडच्या पुष्कळ टायरवर अक्षर असतं: एल म्हणजे ७५, एम ८१, एन ८७. हे आकडे पूर्ण हवा आणि मर्यादेतलं वजन असताना लागू पडतात. टायर एन असला तरी ६५ च्या वर जाण्यात शहाणपण नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. टेक्सास किंवा यूटामध्ये पाटीवर ७५-८० दिसलं की हात शिवशिवतात, पण ती पाटी तुमच्या टायरकडे बघून लावलेली नाही.

टायर किती वर्षांचा आहे, कसं ओळखायचं? कधी बदलायचा?

साइडवॉलवर डीओटीने सुरू होणारा कोड असतो. शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. शेवटी फक्त तीन आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. पुढे वाचायची गरज नाही, काढून टाका. पूर्ण कोड बरेचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आत येते. गाडीखाली फोन धरून फोटो काढला की काम होतं.

अमेरिकेत खासगी गाडीच्या टायरला कायद्याने वयोमर्यादा नाही. मिशेलिनचं सांगणं असं, की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि १० वर्षांनी कसाही दिसला तरी बदला. मोटरहोमच्या चांगल्या टायरला हा नियम ठीक आहे. ट्रेलरच्या एसटी टायरला तो फार सैल वाटतो. ते आपल्या क्षमतेच्या काठावर राबतात, म्हणून पाचवं वर्ष संपलं की बदलावेत. नक्षी कितीही खोल असली तरी.

स्टेपनीचंही वय मोजा. बंपरवर उन्हात पडलेला सात वर्षांचा ‘कोराकरकरीत’ टायर ऐन वेळी ५० मैल काढेल याची हमी नाही.

ट्रेलरसोबत येणारे टायर ‘चायना बॉम्ब’ असतात, हे खरं का?

ट्रेलर ओढणाऱ्या अमेरिकनांमध्ये हा शब्द रूढ आहे आणि त्यात अर्धंच सत्य आहे. स्वस्त टायर असतात, त्यांतले काही वाईटही असतात. पण अनेक ट्रेलर कारखान्यातूनच जेमतेम क्षमतेच्या टायरवर बाहेर पडतात. त्यात सामान भरलं, हवा उतरली, वेग वाढवला, की महागडा टायरही तेच करेल. आधी वजन करा, मग देश शोधा.

लोड रेंज डी काढून ई लावले तर?

चांगला उपाय आहे, पण तीन गोष्टी पाहून. एक, ८० पीएसआय हवा प्रत्यक्ष भरायची; ६५ वर ठेवलात तर क्षमता तेवढीच राहते. दोन, रिमवर कोरलेली दाबाची आणि वजनाची मर्यादा वाचायची. रिम ६५ ची असेल तर रिमही बदलावी लागेल. तीन, वॉल्व्ह. ट्रेलरवर नेहमी दिसणारा रबरी टीआर ४१३ वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. ८० साठी टीआर ६०० एचपी किंवा, त्याहून बरा, नट-वॉशरने कसला जाणारा धातूचा वॉल्व्ह हवा. नवे टायर आणि जुने वॉल्व्ह ही जोडी फार जणांना रस्त्यात उभं करते.

टायर मोठे झाले तरी एक्सल, स्प्रिंग आणि ब्रेक तेच असतात. सामान वाढवायचा परवाना मिळाला असं समजू नका.

कारचे पी टायर ट्रेलरवर लावायचे झाले तर त्यांची क्षमता १.१० ने भागून धरावी लागते. थोडक्यात, लावू नका.

टायरच्या दाबाचा सेन्सर आरव्हीत असतोच ना?

कारमध्ये असतो म्हणून सगळीकडे असेल असं वाटतं. अमेरिकेतला नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या मोटारगाड्यांना आहे, मागे जोडटायर असलेल्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत आणि ट्रेलरला तो लागूच नाही. त्यामुळे भाड्याच्या बऱ्याचशा मोटरहोममध्ये आणि जुन्या ट्रेलरमध्ये काहीच नसतं. जिथे असतं तिथेही, नियमाप्रमाणे, दिवा हवा २५ टक्के उतरल्यावर लागला तरी चालतो. वरच्या उदाहरणात ६५ चे ४९ होईपर्यंत.

बाहेरून वॉल्व्हवर बसणारे सेन्सर विकत मिळतात. ते घ्याच. ट्रेलरसाठी यापेक्षा कामाची दुसरी वस्तू नाही. खालचा इशारा थंड दाबापेक्षा १० टक्के कमीवर लावा. मात्र रबरी वॉल्व्हवर सेन्सरचं वजन फिरताना हेलकावे खातं आणि वॉल्व्ह बुडाशी चिरतो. सेन्सर लावायचे तर धातूचे वॉल्व्ह आधी. ट्रेलर लांब असेल तर सिग्नल पोहोचवणारा रिपीटरही लागतो.

मागच्या जोडटायरमधला आतला टायर कसा तपासायचा?

गेजने. दांड्याने ठोकून आवाज ऐकण्याची ट्रकवाल्यांची पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखते, २० पीएसआय कमी असलेला नाही. आतला टायर बसला तर त्याचा सगळा भार बाहेरच्यावर येतो. बाहेरचा सरळ उभा दिसतो, गाडी नीट चालते आणि काही मैलांत दोन्ही जातात. आतल्या वॉल्व्हला जोडलेली लवचीक नळी सोयीची असली तरी गळण्याची जागा तीच. एकाच बाजूचे दोन टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. व्यासात पाव इंचाहून जास्त फरक असेल तर मोठा टायर जास्त वजन घेतो.

दोन एक्सलच्या ट्रेलरचेच टायर जास्त का फुटतात?

वळताना चारही चाकं एकाच वर्तुळावर फिरू शकत नाहीत. एक्सल एकमेकांना घट्ट समांतर असतात, त्यामुळे जागच्या जागी वळवताना काही टायर बाजूला फरफटत जातात. कॅम्पग्राउंडवर ट्रेलर मागे घेताना टायर तळाशी कसे तिरके होतात ते बाहेर उभं राहून बघा. त्या वेळी बेल्ट एकमेकांवर सरकायला बघतात आणि आधी पडलेली कडेची भेग वाढते. कमाल दाब ठेवण्यामागे हेही कारण आहे. शक्य तिथे मोठं वळण घ्या. ट्रेलर पुढे-मागे झुकलेला ओढला तर एका एक्सलवर जास्त भार येतो. सपाट जागी उभा करून हिचची, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या भागाची, उंची जुळवा.

नायट्रोजन भरावा का?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहेच. फुकट मिळाला तर घ्या.

८० पीएसआय हवा मिळते कुठे?

कॅलिफोर्नियात पेट्रोल घेणाऱ्याला पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथलं यंत्र कारसाठी असतं आणि ६०-७० च्या पुढे धापा टाकतं. ट्रक स्टॉपवर पुरेसा दाब मिळतो. सर्वांत सोपं म्हणजे बॅटरीवर चालणारा, १५० पीएसआयपर्यंत जाणारा कॉम्प्रेसर आणि १०० च्या वर मोजणारा चांगला गेज गाडीत ठेवणं.

टायरमध्येच दोष असू शकत नाही का?

असू शकतो. गुडइयरच्या जी१५९ टायरचं प्रकरण यातलं गाजलेलं. २७५/७० आर २२.५ मापाचा हा टायर १९९६ ते २००३ या काळात अनेक क्लास ए, म्हणजे बससारख्या मोठ्या, मोटरहोमवर बसवला गेला. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने डिसेंबर २०१७ मध्ये चौकशी सुरू केली आणि जून २०२२ मध्ये सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत बोलावले गेले. यंत्रणेच्या मते या टायरच्या बिघाडातून ८ मृत्यू आणि ६९ जण जखमी झाले होते. कंपनीने दोष मान्य केला नाही. जास्त वजन आणि कमी हवा यातून येणारा धोका टाळण्यासाठी हे करतो आहोत, अशी तिची भूमिका होती. टायर बाजारात आल्यापासून रिकॉल होईपर्यंत पाव शतक गेलं. जुनी मोटरहोम घेताना टायरचं नाव आणि डीओटी कोड का वाचायचा, त्याचं उत्तर इथे आहे. नवे टायर घेतल्यावर कोड कंपनीकडे नोंदवा, म्हणजे रिकॉलचं पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल.

हिवाळ्यात गाडी उभी ठेवताना काय करावं?

पूर्ण दाब भरून ठेवा. टायरखाली फळी द्या, पण टायरचा तळ पूर्ण फळीवर यायला हवा. कड बाहेर लोंबकळली तर तिथे ताण येतो. उन्हाच्या बाजूला पांढरे कव्हर घाला. रबर चिरू नये म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं टायर फिरतानाच पृष्ठभागावर येतात, त्यामुळे जमलं तर तीन महिन्यांतून एकदा वीस-तीस मैलांची फेरी मारा. टायर काळाभोर चमकवणारे तेलकट लेप लावू नका. साबण आणि पाणी पुरतं.

भाड्याची मोटरहोम ताब्यात घेताना काय बघू?

दहा मिनिटं मागून घ्या आणि स्वतःचा गेज न्या. सहाही टायरचा दाब स्टिकरशी जुळवा. आतले दोन विसरू नका. डीओटी कोड वाचा. साइडवॉलवर चिरा, फुगवटे आणि घासल्याच्या खुणा बघून व्हिडिओ काढा, कारण अनेक करारांत टायरचं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. स्टेपनी आहे का ते विचारा. पुष्कळ गाड्यांत नसते, आणि असली तरी जॅक नसतो. रस्त्यावर मदतीचा नंबर कुणाचा, ते तिथेच लिहून घ्या. तुमची नेहमीची ट्रिपल ए (अमेरिकेतला वाहनचालकांचा क्लब) सदस्यता आरव्हीला लागू होईलच असं नाही, त्यासाठी वेगळं आरव्ही कव्हर लागतं.

चालत्या गाडीचा टायर फुटला तर?

ब्रेक दाबू नका. मोटरहोमचा पुढचा टायर गेला तर गाडी जोरात त्या बाजूला ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अ‍ॅक्सलरेटर क्षणभर तसाच दाबून ठेवा, किंचित वाढवा. पुढे जाण्याचा जोर टिकला तर गाडी सरळ राहते. ती ताब्यात आली की पाय हळूहळू उचला, वेग आपोआप उतरू द्या आणि मगच शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, या. ट्रेलरचा टायर गेला तरी हेच. ट्रेलर डुलू लागला तर त्याचा ब्रेक कंट्रोलर (चालकाजवळचं, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारं बटण) हाताने हलकेच दाबा, गाडीचा ब्रेक नाही.

रस्त्यापासून जितकं दूर थांबता येईल तितकं बरं. तीस-चाळीस फूट पुढे घासत गेल्याने फक्त रिम जाईल. माणसं वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून कठड्यापलीकडे न्या.

ट्रेलरचं चाक बदलताना कुठे चुकतं?

ट्रेलरच्या कोपऱ्यांवरचे स्थिर करणारे जॅक चाक उचलण्यासाठी नाहीत, ते वाकतात. एक्सलच्या मधल्या नळीखालीही जॅक लावू नका, ती वाकली की टायर एका बाजूने झिजत राहतो. एक्सलच्या जवळ, मुख्य चौकटीखाली जॅक लावा. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच हवा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडण लावलेली हवी. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला.

एका बाजूचा एक टायर फुटला तेव्हा शेजारच्याने काही मैल जवळपास दुप्पट वजन ओढलेलं असतं. तोही उतरवून आतून तपासून घ्या, आणि चार वर्षांपेक्षा जुना असेल तर तपासण्यात वेळ न घालवता दोन्ही बदला.

नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कसा. मग १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा कसा. नवी रिम बसताना नट सैल होतात, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमची असेल तर.